आबांनी बसवलेलं नाक

मी एक जुना मातीचा राक्षस आहे. दचकू नका मित्रांनो, माझी उंची अवघी चार बोटं आहे. तोंडात दोन सुळे आहेत. हातात गदा होती, ती केव्हाच मोडली. आजवर मी किती वेळा मेलो याची मोजदाद मी सोडून दिली आहे, पण मी एकदाही कुणाला मारलेलं नाही.

माझा जन्म भाजे गावातला. मळवली स्टेशनवरून लेण्यांकडे निघालात की वाटेत एक कौलारू घर लागतं. तिथं यशोधरा आणि तिचे आजोबा, गोरखआबा, राहायचे. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली की आबा लेण्यांच्या पायऱ्यांशी काकड्या विकायला बसायचे. यशोधरा तेव्हा नववीत होती. तिची शाळा लोणावळ्याला. वर्गातल्या श्रीयशनं तिला तुंगार्लीतल्या आपल्या बंगल्यावर खेळायला बोलावलं.

खेळ मोठा गमतीचा होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर व्हायचं, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. गोष्ट श्रीयश सांगायचा. त्याच्याकडे विकतचे वीर भरपूर होते, पण मारायला राक्षस पुरत नव्हते. यशोधरा म्हणाली, "राक्षस मी करून आणते."

शेताच्या बांधावरची चिकण माती तिनं मळली. लहानपणी आबांनीच तिला मातीचे बैल करायला शिकवलं होतं, त्यामुळे हात तयार होता. तिनं अंगठ्यानं माझं कपाळ दाबलं, कान ओढून मोठे केले, रुंद आणि बसकं नाक चिकटवलं. सुळे सगळ्यात शेवटी लावले. मग मला वाळवून चुलीच्या निखाऱ्यात भाजलं. आपण कुणाचा चेहरा करतोय हे तिच्या मनातही नव्हतं. हाताला जो पाठ होता तोच हातानं केला.

बंगल्यावर माझं कोण कौतुक झालं! "कसला भारी झालाय!" म्हणत सगळ्यांनी मला हातोहात फिरवलं. बुटांचं रिकामं खोकं ही माझी गुहा. दर रविवारी वीर गुहेत शिरायचे आणि मला ठार करायचे. मी आडवा पडायचो, पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहायचो. खोटं कशाला सांगू, मी त्यातही खूश होतो.

एका रविवारी श्रीयशच्या धाकट्या बहिणीनं, इंद्रायणीनं, मला उचलून निरखलं आणि ती खुदकन हसली.

"अगं यशोधरा, हा तर डिट्टो तुझे आबा! लेण्यांपाशी काकडी देतात ना, ते!"

"म्हणजे आपण दर रविवारी आबांना मारतोय?" श्रीयश म्हणाला, आणि हशा पिकला.

त्या पोरांच्या मनात पाप नव्हतं. यशोधराही हसली. ते हसू मी फार जवळून पाहिलं, मित्रांनो. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यांच्यातला एखादा चांगला नसतो का रे? मी राक्षस होऊन खेळले तर?"

श्रीयशनं जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात आमच्या प्रत्येक जमातीला एकेक पान होतं. अंगात बळ किती, राहतात कुठं, दिसतात कसे, स्वभाव कसा, सगळं छापलेलं. "हे बघ, जन्मतःच दुष्ट. अख्खी जमात. नियम आहे तो."

"कुणी लिहिलंय?"

"पुस्तकात आहे गं. खेळच तर आहे!"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर यशोधरानं कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि माझं नाक खरवडून टाकलं. कपचे उडाले. मातीला दुखत नाही म्हणतात. म्हणोत बापडे. तिचा राग माझ्यावर नव्हता, एवढं मला कळत होतं. मला पाहून पुन्हा कुणाला आबा आठवू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

दोन दिवसांनी मी आबांच्या हाती लागलो.

"ह्याचं नाक कुनी मोडलं गं?"

 यशोधरानं रडत रडत सगळं सांगितलं, पुस्तकातल्या पानासकट. आबांनी मला तळहातावर फिरवून पाहिलं.

"जल्मावरनं वंगाळ, आसं लिवलंय व्हय? आमच्याबद्दल बी लय जनांनी लय लिवलं व्हतं. लिवनाऱ्यानं आमच्या दारात कदी पाय ठिवला न्हवता. छप्पन साली माझ्या बापानं त्ये समदं मागं टाकलं आन् धम्म घेतला." मग डोंगराकडे बोट करून ते म्हणाले, "वर लेण्यात दगडात कोरलेल्या रथाखाली त्यो दांडगा राक्षस चिरडलाय न्हवं? पोरपनापास्नं बघतोय त्याला. रथातला कोन म्हून समदे इचारत्यात. खालचा कोन, आसं येक बी मानूस इचारत न्हाई."

मी काही लेणी पाहिलेली नाहीत. पण त्या दिवशी मला वाटलं, तो दगडातला माझा थोरला भाऊच असावा. आमच्या कुळाची सगळी पानं आमच्याशी लढणाऱ्यांनीच लिहिली, आम्हाला कुणी काही विचारलंच नाही.

आबांनी बांधावरची मूठभर माती आणली आणि ते उंबऱ्यावर बसले. डाव्या हातानं स्वतःचं नाक चाचपायचे, उजव्या हातानं माझं घडवायचे. यशोधरा समोर मान खाली घालून उभी होती.

"आबा, मी चुकले."

"आगं, राक्षस हाय तर सुळं ऱ्हाऊ दे की त्याला. पर नाक आपलं आपल्यापाशी आसावं."

"चुलीत घालू का परत?"

"आज वलं हाय, तडकंल. वाळलं की रविवारी भाजू."

त्या रविवारी काकडीची पाटी घेऊन आबा पायऱ्यांशी बसले, आणि दुपारी बसल्या जागीच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चार दिवसांनी श्रीयश आणि इंद्रायणी भेटायला आले. भिंतीवर आबांचा फोटो होता आणि खाली फळीवर मी. इंद्रायणीनं एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ओढणीत तोंड लपवलं. श्रीयशनं मला उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तो खेळ पुन्हा कधीच मांडला गेला नाही.

आता यशोधरा कॉलेजात जाते. तिनं मला कापूस घातलेल्या डबीत ठेवलंय. विस्तवाजवळ न्यायची तिची हिंमत होत नाही. जोड सुटला तर? माझ्या नाकावर आबांच्या अंगठ्याच्या रेघा आहेत. दर उन्हाळ्यात त्यातली थोडी माती झडते. ती डबीतच राहते, यशोधरा ती टाकत नाही.

मित्रांनो, तुम्ही खुशाल खेळा. राक्षस करा, त्यांना सुळे लावा. फक्त करताना हाताशी कुणाचा चेहरा आला, तेवढं एकदा बघा. आणि कधी भाज्याला आलात, यशोधरानं डबी उघडून मला तुमच्या तळहातावर ठेवलं, तर भिऊ नका. मला हवं तसं फिरवून बघा. पण नाकाला बोट लावू नका. ते अजून कच्चंच आहे.