नखाएवढी सायकल

मी सायकल बोलतेय. दाराबाहेर बघू नका, तिथं कुलूप लावून उभी असते ती वेगळी. मी इथं काचेच्या कपाटात, एका इवल्याशा रेल्वे स्टेशनाच्या भिंतीला टेकून उभी आहे. लांबी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. पण पायडल, घंटी, कॅरिअर, सगळं आहे. चाकांत आऱ्यासुद्धा आहेत. दिसत नसतील तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

माणसांचा आधी जन्म होतो, मग फोटो निघतो. माझं उलट. आधी माझं चित्र काढलं, त्याचा फोटो पितळेच्या पातळ पत्र्यावर उतरवला आणि पत्रा आम्लात बुडवला. जे मी नव्हते ते आम्लानं खाल्लं. उरले ती मी. असल्या आंघोळीतून आलेली बाई जरा तिखट बोलणारच.

त्याच पत्र्यात माझी भावंडं होती. कुंपण, दिव्याचे खांब, घड्याळाचे काटे, एक बाक. सगळी एका चौकटीला बारीक बारीक नाळांनी जोडलेली. अशी पाकिटात बसून आमची वरात एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी आली.

डॉक्टर भला माणूस. दाढी एवढी दाट, की दवाखान्यात मुखपट्टीच्या आत कोंबून बसवावी लागते. तिथं म्हणे रोग्याशी गप्पा मारत अक्कलदाढ उपटतात, हात हलत नाही. घरी मात्र डोक्याला भिंग बांधून माझ्यासमोर बसले की घामाघूम. पेशंटला निदान ‘आ करा’ म्हणता येतं. मला काय म्हणणार?

आमचं स्टेशन उभं राहत होतं ते घरातल्या एकुलत्या एक जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे डॉक्टर आणि त्यांची बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत. बायको शाळेत भूगोल शिकवते. सगळे तिला बाई म्हणतात, मीही म्हणते. एका संध्याकाळी बाईंच्या मांडीवरून आमटीची वाटी घसरली आणि त्यांचा संयमही.

“अहो, रविवारी माझी बहीण आणि तिचा नवरा जेवायला येतायत. ती काही मांडीवर जेवायची नाहीत.”

“अगं, सायकलच राहिलीय फक्त.”

“मागे ‘पंखच राहिलेत फक्त’ म्हणाला होतात. कुठंय ते विमान?”

विमान माळ्यावर होतं. त्याच्या शेजारी एक अर्धं जहाज. त्या माळ्यावर गेलेलं मॉडेल परत आलेलं कुणी पाहिलेलं नाही.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “पाहुणे ताटावर बसायच्या आत पुरं झालं, तर काचेचं कपाट रिकामं करून देते. नाही तर स्टेशन माळ्यावर.”

झालं! भावंडं सगळी जागच्या जागी चिकटलेली, आणि आता त्या सगळ्यांचं नशीब माझ्या हँडलवर.

रविवारी दुपारी डॉक्टरांनी माझी नाळ कापली. मला जिथं वाकवायचं तिथं अर्धी खोल रेघ असते आणि घडी त्या रेघेच्या आत पडायला हवी. डॉक्टरांनी हँडल उलटं वाकवलं. मग सुलटं केलं. आता पितळ एकदा हौसेनं वाकतं, दुसऱ्यांदा कुरकुर करत वाकतं, तिसऱ्यांदा सरळ राजीनामा देतं. मी दात-ओठ खाऊन तग धरला.

मग त्यांनी माझ्या कॅरिअरला आणि चाकाला सुपरग्लूचा ठिपका लावला. कॅरिअरला कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. श्वास रोखला. चिमट्यात धरून मला उचललं. आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं, जरा जास्त दाबलं.

टिंग!

मी उडाले. तुम्ही म्हणाल बोटभर उडाली असेल. अहो, मी झुंबर पाहिलं, पंखा पाहिला, कपाटावरची धूळ पाहिली आणि परत येताना थेट डॉक्टरांच्या दाढीत उतरले. कॅरिअरचा सुपरग्लू तिथं कामाला आला. एका क्षणात मी घट्ट.

“कुणी हलू नका!” डॉक्टर ओरडले. घरात बाईंशिवाय कुणी नव्हतं.

“गेली ना?” बाई म्हणाल्या.

“इथंच पडलीय. अगं, तुझे ते लांब तलम मोजे दे.”

“माझे मोजे? कशाला?”

“तोंडाला लावायचेत.”

“कुणाच्या?”

“मशीनच्या! व्हॅक्यूम क्लीनरच्या. जाळीसारखे लावले की सायकल पोटात जात नाही, तोंडाशीच अडकते.”

बाईंचे ठेवणीतले मोजे मशीनच्या नळीवर चढले. डॉक्टर गुडघ्यांवर रांगतायत, मशीन घोंघावतंय आणि मी दाढीतून सगळं बघतेय. हरवलेली वस्तू शोधताना माणूस एकाच जागी चारचारदा बघतो. जणू पहिल्या तीनदा जमीन खोटं बोलली होती! मी ओरडत होते, “अहो, वर! वर!” पण नखाएवढ्या सायकलीची घंटी कितीशी वाजणार?

मोज्यावर काय काय आलं! एक बटण, विमानाचं एक चाक आणि एक सोन्याचा डूल.

“माझा डूल!” बाईंनी झडप घातली. मग त्यांचा आवाज खाली आला. खाली आलेला आवाज जास्त वाईट असतो. “याला लाल-पांढरे पट्टे कुणी ओढले?”

डॉक्टर रांगतच होते. उठायची हिंमत नव्हती. “जहाजाला टांगलं होतं ते... बुडणाऱ्या माणसाला टाकतात ते कडं. माळ्यावर नेताना गळलं वाटतं.”

“घरभर शोधत होते मी! आणि तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होतात!”

“साथ द्यायला हवी ना,” डॉक्टर पुटपुटले.

“स्टेशन माळ्यावर. आत्ता. आणि तुम्हीही त्याच्याबरोबर!”

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. डॉक्टरांनी पडेल चेहऱ्यानं दार उघडलं. दारात मेहुणी आणि साडू. साडूचं फर्निचरचं दुकान. टेबल त्यानंच भेट दिलेलं, त्यामुळे तो आल्या आल्या आधी टेबल बघतो, मग माणसं. पण आज तो डॉक्टरांच्या हनुवटीकडे बघत राहिला.

“डॉक्टर,” तो गंभीरपणे म्हणाला, “तुमच्या दाढीत सायकल आहे.”

“भाऊजी, हलू नका!” मेहुणी किंचाळली. “अय्या, खरंच सायकल! घंटीसुद्धा आहे!”

बाई रागावलेल्याच राहणार होत्या, ठरवलं होतं त्यांनी. पण ओठ ऐकेनात. हसून हसून त्या दाराला टेकल्या. मग डोळे पुसत त्यांनी डॉक्टरांना दिव्याखाली खुर्चीत बसवलं आणि नखं कापायची कात्री उचलली.

“दुखेल का गं?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही कळायचंही नाही,” बाई म्हणाल्या. हे वाक्य डॉक्टर रोज म्हणतात. आज ते किती खोटं वाटतं, हे त्यांना कळलं असावं.

कचकच कात्री चालली. मी सुटले, पण कॅरिअरवर केसांचा एक झुपका चिकटून आला, निम्मा काळा, निम्मा पिकलेला. साडू तो उपटायला पुढे झाला.

“हात लावू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं होतं. “गवताचा भारा आहे तो. कुणीतरी गावाहून घेऊन आलाय. गाडीची वाट बघतोय.”

आणि डॉक्टरांच्या हातातून चिमटा काढून घेत बाईंनी मला स्वतः उचललं. हात जराही हलला नाही. ठिपका लावला, मला स्टेशनाच्या भिंतीला टेकवलं आणि लेकराला निजवावं तसा हळूच चिमटा मागे घेतला.

साडूनं टेबल रिकामं करायला स्टेशनाची एक कड धरली.

“खबरदार!” बाई कडाडल्या. “वाळतंय अजून. ताटं मांडीवर घ्या सगळ्यांनी!”

त्या रात्री साडू आपणच दिलेल्या टेबलाकडे बघत मांडीवर जेवला.

शब्द दिल्याप्रमाणे कपाट रिकामं झालं. आता मी इथं सुखात आहे. डॉक्टरांच्या दाढीत खळगा पडला म्हणून ते गुळगुळीत दाढी करतात. त्यांची उरलेली शान माझ्या कॅरिअरवर आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “हे गवत कुठून आणलंत हो? अगदी खरं वाटतं!”

तुम्हाला एकच विनंती. घरात काही हरवलं तर जमिनीला दोष देण्याआधी शोधणाऱ्याचं तोंड एकदा नीट बघा.

आता निरोप घेते. समोर टेबलावर गडबड चाललीय. ते अर्धं जहाज माळ्यावरून खाली आलंय, आणि हल्ली चिमट्याशी डॉक्टर कमी, बाई जास्त बसतात. जहाजाला दोन बाजू असतात, एका कड्यावर भागत नाही. बाईंचा दुसरा डूल कालपासून सापडत नाहीये. डॉक्टर बिचारे पलंगाखाली शिरून शोधतायत, आणि बाई त्यांना साथ देतायत.