खोट्या गिऱ्हाइकांची खरेदी

सकाळी तिकीटविक्री उघडली आणि साइट पडली नाही. ऑफिसात कोणाचा विश्वासच बसेना. गेल्या वेळी पहिल्याच गर्दीत याच साइटने मान टाकली होती, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईची आई सकाळभर स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसली होती. पुढे आठवडाभर मायलेकींचं बोलणं बंद. या खेपेला आईच्या लाडक्या गायिकेचा शेवटचा कार्यक्रम होता, आणि ताई छातीठोकपणे म्हणाली होती, "आई, यंदा तुला तिकीट मिळणार म्हणजे मिळणार."

त्यासाठी तिने रक्ताचं पाणी केलं होतं. मशीन वाढवली, रांगेची सोय केली, आणि तालमीसाठी हजारो खोटी गिऱ्हाइकं तयार केली. म्हणजे एक प्रोग्रॅमच तो: साइटवर तुटून पडायचं, तिकिटं घ्यायची आणि 'पैसे खिडकीवर देतो' म्हणायचं. भलती गुणी गिऱ्हाइकं. पासवर्ड विसरत नाहीत, 'बायकोला विचारून सांगतो' म्हणत नाहीत.

तर आज सगळी तिकिटं बघता बघता संपली. "मी म्हणतच होतो!" असं साहेब ज्याला त्याला सांगत सुटले. खरं तर ते काहीच म्हणत नव्हते.

तेवढ्यात आईचा फोन आला. "नाही गं मिळालं. मी शिरेपर्यंत संपलीसुद्धा. कोण मेले एवढे टपून बसले होते?"

इकडे ताईच्याच मोबाइलवर मेसेज कोसळायला लागले होते. 'अभिनंदन, तुमचं तिकीट पक्कं झालं.' मागोमाग दुसरा, तिसरा, थांबायचं नाव नाही. खोट्या गिऱ्हाइकांना तिने स्वतःचाच नंबर दिला होता. काल गर्दीला पुरावीत म्हणून तालमीची मशीन तिने खऱ्या विक्रीला जोडली, आणि त्यांच्यावरच्या गिऱ्हाइकांना रजा द्यायची राहून गेली.

ती साहेबांकडे गेली. "साहेब, सगळी तिकिटं आपणच विकत घेतलीत."

सगळं ऐकून साहेबांचा चेहरा पडला. "कोणाला कळलंय?"

"अजून नाही. बाई गायला बसतील आणि समोर रिकाम्या खुर्च्या दिसतील, तेव्हा कळेल."

मग निमूटपणे खोटी गिऱ्हाइकं हाकलली, तिकिटं मोकळी केली आणि विक्री पुन्हा उघडली. या वेळी खरी माणसं आली, आणि खऱ्या माणसांना दम धरवत नाही. एकच माणूस फोनवर, तोच लॅपटॉपवर, शिवाय मेहुण्यालाही कामाला लावलेलं. पान जरा अडलं की सगळे मिळून रिफ्रेश दाबतात. रांग दोन मशीनवर वाटलेली होती. त्यातलं दुसरं धापा टाकायला लागलं. ते तोडलं नाही तर पहिल्यालाही घेऊन बुडणार, हे ताईला स्पष्ट दिसत होतं. तोडलं तर त्यावरची सगळी माणसं रांगेबाहेर.

पुन्हा फोन. "अगं, आता माझ्यापुढे मोजकीच माणसं राहिलीत! वर 'रांग दुसरी' असं लिहिलंय. मी सारखं दाबतेय हं."

"आई, दाबू नकोस."

"वा! न दाबून कसं चालेल?"

ताईने स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि दुसरी रांग तोडली.

पहिली रांग सुरळीत चालली. तिकिटं संपली, आणि ती हाडामांसाच्या माणसांना मिळाली. ऑफिसात टाळ्या पडल्या.

आई अजून फोनवरच होती. "मला बाहेर फेकलं गं."

"मीच फेकलं, आई. नाहीतर कोणालाच मिळालं नसतं."

आता आई वर्षभर बोलायची नाही, असं ताईला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"तुझ्या साहेबांना दे फोन," आई म्हणाली.

साहेबांनी हसत फोन घेतला, आणि हळूहळू खुर्चीतून उठून उभे राहिले. "हो काकू... नाही काकू... एकटीवरच पडतं सगळं, बरोबर आहे... देतो ना, दोन माणसं देतो हाताखाली... थांबा, विचारतो."

फोनवर हात ठेवून त्यांनी ताईला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

आणि अख्ख्या ऑफिससमोर ताई ओक्साबोक्शी रडायला लागली.