समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. कुठल्या मंत्र्याची नव्हे, त्यामुळे माझ्यासाठी आजवर कुणाची भांडणं झालेली नाहीत. एका महागड्या चिनी नूडल्सच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलापाशी मी असते. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. मागाहून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

त्या टेबलाला दुसरीही खुर्ची आहे. आम्ही दोघी एकाच झाडाच्या, एकाच सुताराच्या हातच्या. पण त्यानं पॉलिशला घेतलं ते आधी तिला. एकावर एक हात दिले, लांबून पाहिलं, पुन्हा दिले. माझी पाळी आली आणि घरातून त्याला जेवायला हाक आली. जेवून आल्यावर माणसाचा हात कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या डाव्या पायावर अजून एक पट्टा कोरडा राहिलाय. मी तिला बाईसाहेब म्हणते, अर्थात मनातल्या मनात.

हॉटेल मात्र झकास. टेबलांवर जाड कापडी रुमाल, खाली लोंबणारे मंद दिवे, आणि एका बाजूला काचेपलीकडे स्वयंपाकघर. मालकीणबाई स्वतः तिथं उभ्या असतात. पिठाचा गोळा घेतात, ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात, आणि बघता बघता त्यांच्या दोन्ही हातांत दोऱ्यांचा झुपका होतो. तो उकळत्या पाण्यात जातो, तिथून वाडग्यात, वर सूप, आणि वाडगा थेट टेबलावर. त्यांचं एकच म्हणणं असतं, नूडल्स कुणासाठी थांबत नाहीत. वाडगा आला की जेवा, नाहीतर त्या सूप पिऊन फुगतात आणि त्यांचा लगदा होतो.

आता माझं दुःख ऐका. बाईसाहेबांची पाठ भिंतीला आहे आणि तोंड सगळ्या हॉटेलकडे. माझी पाठ येणाऱ्याजाणाऱ्यांना आणि तोंड भिंतीकडे. एकटा माणूस आत आला की आधी भिंत शोधतो, हा माणसाचा स्वभावच आहे. म्हणजे एकटं आलेलं प्रत्येक माणूस बाईसाहेबांच्या वाट्याला, आणि माझ्या वाट्याला त्यांच्या पिशव्या. छत्र्या, हेल्मेटं, डॉक्टरकडच्या फायली, एकदा तर बुटांचं खोकं. चष्मेवाला वेटर हळूच विचारतो, "हे उचलू ना?" आणि माझ्यासमोरचा वाडगा, चमचा, काड्या, रुमाल सगळं उचलून नेतो. जेवायला बसायच्या आधीच ताट उचललेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचंही काही वाटू नये. पण वाटतं.

दर गुरुवारी दुपारी एक बाई यायची. तिची पर्स माझ्यावर असायची आणि पर्समधून ओळखपत्राची दोरी बाहेर लोंबायची, त्यामुळे मला कळलं की ती इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक तिला विचारत राहणार, डॉक्टर कुठे, लिफ्ट कुठे, आमचा पेशंट कुठे, आणि ती सांगत राहणार. इथं आल्यावर मात्र ती वेटरशीसुद्धा बोलायची नाही. नुसती मान हलवायची, आणि तो ओळखायचा.

तिचं जेवण बघण्यासारखं होतं. फोन पालथा घालायची. वाडगा आला की वाफेत तोंड घालायची, चष्म्यावर धुकं धरायचं, ते पुसायचीही नाही. मग सुर्र करून नूडल्स ओढायची, अगदी लहान पोरासारखा आवाज करत. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून सूप संपवायची आणि थोडा वेळ नुसती बसायची. तेव्हा तिची पाठ हळूहळू सैल होऊन मागे रेलायची, सगळं वजन निर्धास्त टाकून. आणि ते सगळं बाईसाहेबांवर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा हिनं माझ्यावर असं टेकावं, एवढंच मला हवं होतं. मिळत काय होतं, तर पर्स.

एका गुरुवारी तिची थोरली बहीण बाहेरून चालली होती. चष्म्याच्या दुकानात निघालेली. रस्त्याकडच्या काचेतून तिला धाकटी दिसली आणि ती सरळ आत आली.

"इथे येतेस होय तू?" असं म्हणत तिनं पर्स उचलून धाकटीच्या हातात दिली आणि माझ्यावर बसली.

खोटं कशाला बोलू, मी मोहरून गेले. वेटरला उचललेला वाडगा परत मांडावा लागला. बाईसाहेबांकडे मी असं काही पाहिलं म्हणता! पुढच्या गुरुवारी ताई पुन्हा आली, मग दर गुरुवारी यायला लागली. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा, दोन पुतणे, जाऊ. सगळ्यांचं आवरून, दिराला घटकाभर सासऱ्यांपाशी बसवून ती यायची. आल्यापासून बोलायची. पुतण्याची परीक्षा, जावेचं नाक मुरडणं, सासऱ्यांची औषधं, शेजारणीची मांजर. धाकटी हं हं करायची.

पण लवकरच माझ्या लक्षात आलं की मला मिळालं ते अर्धंच. ताई बसायची ती कडेवर, पाय जमिनीला रोवून, आत्ता कुणी हाक मारली तर उठता यावं अशी. पाठ म्हणून माझ्या पाठीला लागली नाही. शिवाय तिचं लक्ष स्वतःच्या वाडग्यात कधीच नसायचं. आपल्यातले मशरूम वेचून धाकटीच्या वाडग्यात टाकायची. "तू घे गं, मला एवढं लागत नाही." तिला पाणी ओतायची, टेबलावरचे थेंब रुमालानं पुसायची, वेटरनं वाडगे सरळ ठेवलेत का ते बघायची. स्वतः जेवायची ती शेवटी, घाईघाईनं, सगळं निवल्यावर. मला राग यायचा. इतक्या वर्षांनी माणूस मिळालं तेही असं, आणि समोर बाईसाहेबांवर माझी ती धाकटी. तिची जागा अजूनही बदलली नव्हती.

तरी एक समाधान होतं. आता धाकटी बाईसाहेबांवरही रेलत नव्हती. ताईला उत्तरं देता देता तिच्या नूडल्स फुगायच्या. सुर्र बंद झालं. वाडगा अर्धा टाकून ती घड्याळ बघत उठायची. मी मनात म्हटलं, बरं झालं, मला नाही तर तुलाही नाही. माझ्या लाकडात हे असलं विष कुठून आलं कोण जाणे. झाड तर चांगलं होतं.

अर्धे वाडगे परत जायला लागले तशा एक दिवस मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. एरवी त्या काचेबाहेर येत नाहीत.

"काही चुकतंय का आमचं?" त्यांनी धाकटीला विचारलं. "तुमचा वाडगा कधी असा यायचा नाही."

धाकटी म्हणाली, नाही हो, तुमचं काही नाही. मालकीणबाईंनी दोन्ही वाडग्यांकडे पाहिलं आणि त्या परत गेल्या. ताईचं बोलणं मध्येच थांबलेलं होतं. तिनं विचारलं, मग कुणाचं चुकतंय?

धाकटीनं काड्या खाली ठेवल्या.

"ताई, रागावू नकोस. गुरुवारी मला एकटीला जेवू दे. रविवारी ये, घरी ये, कधीही ये. पण इथे नको."

"माझा त्रास होतो तुला?"

"मी दिवसभर बोलते गं. आठवड्यातून एवढाच वेळ मी कुणाची नसते."

मला वाटलं, आता ताई रडणार. ती रडली नाही. तिला संताप आला, आणि तो मी चांगला ओळखला, कारण तो माझाच होता. आम्ही एकाच माळेचे मणी.

"तुला निदान तेवढा तरी मिळतो," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी काचेतून तुला पाहिलं ना, वाडग्यात तोंड घालून बसली होतीस. इतकं पोटात दुखलं माझ्या. लग्न झाल्यापासून मी गरम जेवले नाहीये, चिमे. सगळ्यांचं होईपर्यंत माझं निवतं. मला वाटलं, तुझ्याबरोबर बसले की मलाही जमेल."

धाकटीनं ताईच्या वाडग्याकडे पाहिलं. तो भरलेला होता आणि त्यावर साय धरावी तसा तवंग थिजला होता. ती ताईचा हात धरायला गेली, पण ताई उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी माझ्यावर पर्स होती. वेटरनं विचारलं, हे उचलू ना? धाकटीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिनं मान हलवली. एकटी जेवली, पण सुर्र काही आलं नाही. आणि मी, जी त्या कडेवर बसणाऱ्या बाईला नावं ठेवत होते, ती मी दाराकडे कान लावून बसले होते. अर्धं तर अर्धं, पण माणूस होतं ते.

मग एका गुरुवारी ताई आली. हॉटेल गच्च भरलेलं. धाकटीनं तिला पाहिलं, लगबगीनं पर्स माझ्यावरून उचलली आणि जागा केली. ताईनं नको म्हणून हात केला आणि वेटरला म्हणाली, "मला वेगळं टेबल द्या. एकटीला."

टेबल एकही रिकामं नव्हतं. वेटरनं काचेकडे पाहिलं. आतून मालकीणबाईंनी पिठाच्या हातानं कोपरा दाखवला, जिथं रुमालांच्या घड्या घालायचं छोटं मेज असतं. घड्या हलल्या, मेज पुसलं गेलं, पण त्याला खुर्ची कुठून असणार? वेटर आमच्या टेबलाशी आला. "ही नेऊ ना?" त्यानं धाकटीला विचारलं, आणि मला उचललं.

मेज स्वयंपाकघराच्या काचेला अगदी लागून आहे. ताई माझ्यावर बसली, नेहमीसारखी कडेवर. समोर एक वाडगा, एक चमचा, काड्यांची एक जोडी. तिनं सवयीनं एक मशरूम उचलला आणि कुणाला द्यावा म्हणून वर पाहिलं. समोर काच होती. तिनं तो मशरूम हातात धरून ठेवला, अवघडून, आणि शेवटी आपल्याच तोंडात घातला. जीभ भाजली असावी, कारण ती दचकली. पाणी प्यायली. पुन्हा घास घेतला. पुन्हा भाजलं तरी थांबली नाही. पलीकडे मालकीणबाई पिठाच्या दोऱ्या ओढत होत्या आणि तिच्याकडे बघत नव्हत्या.

कधी ते मला कळलं नाही, पण ती कडेवरून मागे सरकली. तिची पाठ माझ्या पाठीला टेकली, सगळं वजन घेऊन. बाईसाहेब इतकी वर्षं काय सुख भोगत होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

आता गुरुवारी मी त्या मेजाशी असते, इतर दिवशी जुन्या जागी पर्सा सांभाळते. जळणं सुटलेलं नाही. मान वळत नाही म्हणून, नाहीतर अजूनही बघितलं असतं, ती धाकटी बाईसाहेबांवर कशी रेललीय ते. तुम्ही कधी अशा हॉटेलात एकटे गेलात, तर पर्स खुशाल समोरच्या खुर्चीवर ठेवा, पण ती दुसऱ्या कुणाला हवी असेल तर देऊन टाका.

त्या पहिल्या दिवशी दोघी आपापल्या टेबलावरून उठल्या आणि दारात भेटल्या. धाकटीनं विचारलं, "कसं होतं गं?"

ताईनं ओठांवरून जीभ फिरवली.

"गरम होतं," ती म्हणाली.