धाकटीच्या कानातलं तेल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर खुर्चीत माझी धाकटी बहीण बसली होती. तेलवाले महाराज तिच्या मागे गेले आणि हळूच म्हणाले, "बेटी!"

धाकटीने वळून पाहिलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आई ढसाढसा रडायला लागली.

धाकटी बेचाळीस वर्षांची. जन्मापासून डाउन सिंड्रोम. लाँड्रीत चादरींच्या अशा घड्या घालायची, की कोपरा तसूभर हलायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ती हाकेला ओ देईनाशी झाली. मालकाने कामावरून काढलं, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसायची.

"मेंदूची कवाडं उघडली!" महाराज गरजले. "तीन आठवडे कानात मंतरलेलं तेल! आता डॉक्टरची पायरी चढायची नाही!"

मी विज्ञानाचा शिक्षक. असल्या भोंदूंना उघडं पाडणं हा माझा रविवारचा उद्योग. म्हटलं, थांब लेका! दुसऱ्याच दिवशी धाकटीला आणि आईला घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. "डाव्या कानातला मळ तेलाने मऊ होऊन निघालाय. उजव्यात अजून घट्ट बसलाय. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या कानाच्या वाटा अरुंद असतात, मळ लवकर साचतो. पडद्याला भोक असतं, तर याच तेलाने कानाची वाट लागली असती."

"ऐकलंस, आई? हा तुझा चमत्कार! मळ!" मी जिंकलो होतो.

बाईंनी मला विचारलं, "याआधी कान कधी तपासले होते?"

मी आईकडे पाहिलं.

"दोन वर्षं ती ओ देत नव्हती. तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं... यांचं असंच असतं. लवकर म्हातारपण येतं, विसरायला होतं."

"कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

आई म्हणाली, "मी म्हणत होते, दाखवू या. हा म्हणायचा, काय उपयोग! मग नेलं महाराजांकडे. त्यांनी निदान तिच्या कानाला हात तरी लावला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी उजवा कान साफ केला. मी सवयीने धाकटीच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आता बरं वाटतंय का?"

तिने दचकून कान झाकले. "दादा, ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?"

पुढच्या रविवारी त्याच सभागृहात मी तेलाचं बिंग फोडलं. लोक हसले. मग माझं स्वतःचं फोडलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

"'यांचं असंच असतं' ही माझी अंधश्रद्धा," मी म्हणालो. "तिने माझ्या बहिणीची दोन वर्षं खाल्ली. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचे कान, डोळे, थायरॉइड दरवर्षी तपासून घ्या, वय कितीही असो. वागणं बदललं, तर आधी कारण शोधा. विसराळूपणा खरंच येऊ शकतो, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, माझ्यासारख्याने घरबसल्या नाही."

धाकटी पहिल्या रांगेत बसून शब्दन् शब्द ऐकत होती. माझी मान वर होईना.