माझ्या डाव्या टोकाचा माणूस

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर माणसांशी माझं फारसं पटत नाही. ज्याच्या अंगावर जन्मभर माणसं बसली, त्याने त्यांच्यावर माया करावी ही अपेक्षाच जरा जास्त झाली. माझ्या पोटाला खालून हात लावून पाहा. चघळून दगड झालेले च्युइंग गमचे गोळे लागतील. ते चिकटवणारे सगळे देशाचे नामवंत खेळाडू होते बरं का.

पाडलेल्या एका गोदामाच्या तुळईतून माझा जन्म झाला. लाकूड खणखणीत होतं, सुतार मात्र उतावळा. त्याच्या घरी त्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणे. त्याने माझे पाय टोकांपासून चांगले हातभर आत ठोकले आणि हात झटकून तो मोकळा झाला. तेव्हापासून मला ही खोड आहे. मधे कोणी बसलं किंवा दोन्ही टोकांना माणसं असली, तर मी शहाण्यासारखा उभा राहतो. एकटा माणूस अगदी टोकाला टेकला, की माझं दुसरं टोक वर उठतं आणि तो जमिनीवर येतो. पडलेला माणूस उठून मलाच शिव्या घालतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मी राष्ट्रीय फुटबॉल संघाचा बाक झालो. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली, खोटं कशाला बोलू. संघ जिंकत होता. सामना संपला की लोक कुंपणावरून उड्या मारून यायचे आणि माझ्या अंगावरून हात फिरवायचे. एका आजीबाईंनी तर परीक्षा तोंडावर आलेल्या नातवाला माझ्यावर थोडा वेळ बसवून नेलं होतं. तो पास झाला की नाही, ते सांगायला काही कोणी परत आलं नाही. काम झालं की माणसं अशीच.

तेव्हाच्या गोलकीपरला लोक पहाड म्हणत. पहाड कधी आजारी पडायचा नाही आणि कधी जायबंदी व्हायचा नाही. त्यामुळे राखीव गोलकीपरचं सगळं खेळाडूपण माझ्या डाव्या टोकावर गेलं. तो बसल्या बसल्या अख्खा सामना खेळायचा. चेंडू गोलकडे आला की याचे हात वर उठायचे, ओठ हलायचे. खरं सांगतो, मला त्याची कीव यायची. आज त्या किवेची लाज वाटते.

पहाडच्या पुढे बचावाला जो खेळायचा, त्याला आज सगळे हंगामी म्हणतात. तेव्हा त्याला चांगलं नाव होतं. पहाडच्या बहिणीशी त्याचं लग्न झालं होतं. मेहुणा मागे उभा असला की मला पाठीमागे बघावं लागत नाही, असं तो म्हणायचा.

मग तो सामना आला. बरोबरी झाली असती तरी आपण मोठ्या स्पर्धेत गेलो असतो, आणि बरोबरी जवळजवळ झालीच होती. मला त्या दिवशी आपल्या गोलच्या बाजूला, रेषेच्या अगदी जवळ ठेवलं होतं. लोकांचा नुसता कालवा चालला होता. समोरच्यांनी एक लांब चेंडू मारला. हंगामी मागे धावत आला, माझ्यापासून चार पावलांवर त्याने चेंडू गाठला, आणि तो बाहेर मारणार एवढ्यात मोठ्याने हाक आली, "सोड! सोड! माझा!"

हंगामीने उजवा पाय मागे घेतला. पहाड मात्र गोलरेषेवर जिथल्या तिथे उभा होता. मेहुणा चेंडू बाहेर मारणार याची त्याला खात्री होती. समोरच्यांचा एक पोरगा मधून आला, त्याने चेंडू अलगद आत ढकलला, आणि आपला देश घरी बसला.

हाक माझ्या डाव्या टोकावरून आली होती, मित्रांनो.

हंगामी म्हणाला, तू ओरडलास. पहाड म्हणाला, मी तोंडसुद्धा उघडलं नाही. एकाने दुसऱ्याला खोटारडा म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याला भित्रा. डाव्या टोकाचा माणूस तेवढा वेळ बुटाची नाडी बांधत बसला होता. मला वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, कपडे बदलायच्या खोलीत बोलेल. निदान उद्या वर्तमानपत्र वाचून तरी बोलेल. पुढे कित्येक वर्षं तो बोलला नाही. 'सोडलेला गोल' हा शब्द पोरासोरांच्या तोंडी झाला, आणि त्या दोघांमधल्या बाईचं माहेर तुटलं. तिच्या मुलांना मामा फक्त फोटोतला. आई गेली तेव्हाही भाऊ एका दाराने आला आणि नवरा दुसऱ्या दाराने गेला.

आणि मी लाकूड. मला सगळं ठाऊक आणि सांगायला तोंड नाही. त्या दिवसापासून मी जो चिडलो तो चिडलोच.

पुढे संघ हरत गेला. ज्यांनी अंगावरून हात फिरवला होता त्यांनीच माझ्यावर बाटल्या फेकल्या. एकदा माझं उजवं टोक पेटवलंसुद्धा. शेवटी मैदानावर छपराखालच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला संघटनेच्या कचेरीत, सभेच्या खोलीबाहेरच्या बोळात आणून टाकलं. खोलीच्या दाराची कडी मोडकी असल्यामुळे दार कधी पूर्ण लागत नाही. म्हणजे ऐकणं माझ्या नशिबी होतंच.

डाव्या टोकाचा माणूस तोवर संघटनेचा अध्यक्ष झाला होता. यात नवल नाही. जो कधी मैदानात उतरला नाही, त्याच्या नावावर एकही हार नसते.

प्रशिक्षक येत होते आणि जात होते. एक जण आकडेमोडीचे कागद घेऊन आला, एक नुसता आरडाओरडा करायचा, एकाला तर खेळाडूंची नावंही पाठ झाली नाहीत. हाकलायचं कसं, याची इथे एक पद्धत आहे. कोणी काही बोलत नाही. फक्त शिपाई चहाचा ट्रे घेऊन येतो आणि त्या माणसाला वगळून पुढे जातो. चहा बंद झाला की आपलं सामान आवरायचं. प्रत्येक वेळी मधल्या दोन-चार सामन्यांपुरता हंगामी प्रशिक्षक म्हणून सहायकाला उभं करायचे, आणि तो सहायक म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. पुन्हा पुन्हा उभं करून त्याचं नावच हंगामी पडलं. कायमच्या नेमणुकीची गोष्ट निघाली, की अध्यक्ष दर वेळी तेच वाक्य बोलायचे, तेही हळहळून: "माणूस चांगला आहे हो, पण लोक तो गोल विसरलेले नाहीत."

हे ऐकताना माझा एखादा खिळा निघून त्यांच्या पायात जावा असं मला मनापासून वाटायचं.

यंदा तर संघाची पार रया गेली. कोणीही यावं आणि टपली मारून जावं. शेवटचा प्रशिक्षकही चहाविना गेला आणि समितीने मुलाखती ठेवल्या. हंगामीची ही शेवटची संधी होती. यानंतर तो निवृत्तीच्या वयाला येत होता. आजन्म हंगामी म्हणून घरी जायचं की एकदा तरी खरा प्रशिक्षक व्हायचं, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं. दुसरा उमेदवार होता पहाड. त्याने बाहेर एका क्लबाला चांगले दिवस दाखवले होते. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायची अक्कल सचिवाला झाली नाही. दोघांनाही एकाच सकाळी बोलावलं आणि बोळात बसायला होतो मी एकटा.

हंगामी उजव्या टोकाला बसला, पहाड डाव्या. जितकं लांब बसता येईल तितकं लांब. मधे हंगामीने डबा ठेवला. तो एका माणसाचा डबा नव्हता. पहाडने डब्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. डब्याच्या झाकणावरचा पोचा त्याच्या ओळखीचा असणार. आईच्या घरचा डबा होता तो.

शेवटी पहाडने सुरुवात केली. अजून किती वेळा या दारात यायचा विचार आहे, असं त्याने विचारलं. हंगामी म्हणाला, तू दर वेळी मागे जिथल्या तिथे उभा राहतोस, मला पुढे यावंच लागतं. शब्दाने शब्द वाढला. बहिणीच्या बाळंतपणाला कोण आलं नाही, आईच्या औषधाला कोण धावलं, सगळं निघालं. शेजारच्या खोलीतल्या टायपिस्टबाईंनी काम थांबवून कान इकडे लावले.

"मी ओरडलो नव्हतो," पहाड म्हणाला.

"मी ऐकलं होतं," हंगामी म्हणाला. "मरताना विचारलंस तरी हेच सांगेन."

आत समिती आपापसात भांडत होती. आतल्या टेबलावर कोणाचा तरी मोबाईल वाजला. सचिवाने तो उचलायला हात पुढे केला असणार, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून अध्यक्ष ओरडले, "सोड! सोड! माझा!"

हंगामीचा उजवा पाय आपोआप मागे सरकला.

हे त्याने ठरवून केलं नाही. पाय सरकला, बुटाचा तळ फरशीवर घासला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पहाडने तो पाय पाहिला. गोलरेषेवरून त्याने हाच पाय असाच मागे जाताना पाहिला होता आणि तो का गेला हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्याने पायाकडून नजर उचलून मोडक्या कडीच्या दाराकडे नेली.

"हा?" त्याने विचारलं.

हंगामीने होय म्हणून नुसती मान हलवली.

पहाड ताडकन उठणार होता. पण तो थांबला. माझी जुनी खोड त्याला माहीत होती. तो म्हणाला, "भाऊजी, आधी मधे सरका. मी उठलो तर तुम्ही पडाल."

किती वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द आला! मी चिडका आहे, पण तेव्हा माझं लाकूडही आतून हललं. हंगामी मधे सरकला, पहाड उठला, आणि दोघे बरोबरच आत शिरले.

आत आरडाओरडा झाला नाही. हंगामीने अगदी हळू आवाजात विचारलं, की त्या दिवशी सोड म्हणून कोण ओरडलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, कुठल्या दिवशी.

"तो दिवस माहीत नाही असा माणूस या देशात नाही," पहाड म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, ओरडलो असेन, सवय होती. मग म्हणाले, तेव्हा वय लहान होतं. मग म्हणाले, आता ते उकरून काय उपयोग. एकाच तोंडाने तीन गोष्टी! हंगामीने एवढंच सांगितलं, की मी तो गोल माझ्या बायकोच्या माहेराने फेडला आहे, तुम्ही तो दर वेळी माझ्याच नावावर लावलात. समितीतले लोक काही साधुसंत नाहीत. वारा फिरला तशी त्यांनी पाठ फिरवली. कालपर्यंत अध्यक्षांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारे, आता एकेक जण म्हणू लागले, की आम्हाला हे आधीपासून खटकतच होतं. दुपारच्या आत हंगामीच्या नावापुढचं हंगामी गेलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. बाहेर येऊन पहाडने मेहुण्याला सांगितलं, तुझ्या हाताखाली काम करायची माझी मुळीच इच्छा नाही, आणि संघाच्या बचावाचं तर तू वाटोळं करून ठेवलं आहेस. भाऊजी पुन्हा तू झाले. पण तो गेला नाही. दोघे माझ्या मधोमध बसले, डबा उघडला, आणि कोणी किती घ्यायचं यावरून कुरबुर करत त्यांनी तो चाटूनपुसून संपवला. रिकामा डबा घेऊन बहिणीकडे पहाडच गेला. पुढचा सामना आपण हरलो. पण त्या दिवशी दोघांनी मिळून शिव्या खाल्ल्या.

मुलाखतीच्या त्या दिवशी ते दोघे गेल्यावर अध्यक्ष बाहेर आले. एकटेच होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सवयीने माझ्या डाव्या टोकाला, अगदी कडेला टेकले.

मी काहीही केलं नाही. सुताराने जसा घडवला, तसा राहिलो.

ते फरशीवर बसले होते तेव्हा शिपाई चहाचा ट्रे घेऊन बोळातून आला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, पाय न अडखळता त्यांच्या बाजूने गेला, आणि आतल्या सगळ्यांना चहा दिला.

तर मित्रांनो, शेवटी विनंती करायची असते, ती करतो. बाकावर बसायची पाळी सगळ्यांवर येते, त्यात कमीपणा नाही. पण बाकावरून ओरडलात, तर निदान उठून सांगा की मी ओरडलो. आणि माझे पाय टोकांकडे सरकवायला कोणी भला सुतार आलाच, तर त्याला आल्या पावली परत पाठवा. डाव्या टोकाला अजून पुष्कळ माणसं बसायची आहेत.