हेस्टरशी अबोला

नॉर्मन गॅस्किनच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. आधी ते टेबलावर होतं, मग चहाच्या डब्याला टेकून, मग एका जाड पुस्तकात. मजकूर थोडकाच होता. हेस्टर पाउंडरने आपल्याशी जे केलं त्यानंतर मनोऱ्यातल्या कोणीही तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलंय. तुझी हरकत नसेलच. असली तर कळव.

हरकत होती, पण कळवायला बसलो की पहिल्याच शब्दाला अडायचो. ‘प्रिय नॉर्मन’ लिहावं की नुसतं ‘नॉर्मन’? मग वाटायचं, आपण कोण लागून गेलो हरकत घेणारे! कागद तसाच राहायचा.

ऑल्डर्सबीच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत आणि त्या दोरीने ओढणारे आम्ही सहा जण. हेस्टर पहिली ओढते, मी दुसरी. शेवटची, सगळ्यांत जड, नॉर्मनची. तो आमचा कप्तानही आहे. उन्हाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा असते. कोणतं गाव वाजवतंय ते कळू नये म्हणून परीक्षकाला जवळच्या घरात पडदे ओढून बसवतात. यंदाचा परीक्षक नॉर्मनचा मेहुणा होता. आमची पाळी आली तेव्हा सुरुवातीआधी नॉर्मनने आपल्या घंटेचा एक जादा ठोका दिला. मेहुण्याला खूण पटली आणि पहिल्या बक्षिसाची ढाल आम्हाला मिळाली. हेस्टरने जाऊन आयोजकांना ते सांगितलं. ढाल परत गेली.

आमच्या इंग्रजीत भांडणाच्या वाक्प्रचारांना तोटा नाही. समेट झाला की आम्ही कुऱ्हाड पुरली म्हणतो, आणि एखाद्याला वाळीत टाकलं की त्याला कॉव्हेंट्रीला पाठवलं म्हणतो. कॉव्हेंट्री खरंखुरं शहर आहे. माझं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं तेव्हा मी तिथे खरेदीला जायचो. माणसं इतकी बोलघेवडी की परतीची बस हमखास चुकायची. त्या बिचाऱ्या शहराच्या माथी हा अबोला कोणी मारला, यावर विद्वानांचंही एकमत नाही.

हेस्टर तरीही सरावाला येत राहिली. सुरुवातीची हाळी पहिल्या घंटेवाल्यानेच द्यायची असते. “सांभाळा! निघाली... गेली!” असं ती म्हणायची आणि सगळ्यांच्या दोऱ्या हलायच्या. तिच्या शब्दावर आम्ही वाजवायचो आणि खाली उतरताना तिच्याकडे बघायचो नाही. मी मुळातच घुम्या. माझं न बोलणं कोणाच्या लक्षात येणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

गेल्या गुरुवारी सराव संपल्यावर हेस्टरने दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “पुढच्या गुरुवारपासून मी येणार नाही. शाळेत असल्यापासून ही दोरी धरतेय. पण भिंतीशी तरी किती बोलायचं माणसाने?”

सरावानंतर पबमध्ये जो तो पाळीने सगळ्यांसाठी पेयं आणतो. त्या दिवशी पाळी तिची होती, आणि तिने ती चुकवली नाही. प्रत्येकाचं नेहमीचं आणलं. माझा सफरचंदाच्या सायडरचा अर्धा ग्लाससुद्धा. ट्रे आमच्यासमोर ठेवून ती कोपऱ्यात एकटी जाऊन बसली.

कोणी हात लावला नाही. पाजलेलं नाकारण्याइतका मोठा अपमान आमच्याकडे दुसरा नाही. बिअरचा फेस बसत चालला.

“चांगली बिअर मरतेय बघ,” चौथ्या घंटेचा वॉल्ट पुटपुटला.

“मरू दे,” नॉर्मन म्हणाला.

मी माझा ग्लास उचलला आणि उठलो. थोडी सायडर बाहीवर सांडली.

“कुठे निघालास बाबा? संडास तिकडे आहे,” वॉल्ट म्हणाला.

“हेस्टरशी बोलायला.”

“बस खाली, ॲम्ब्रोज,” नॉर्मन म्हणाला. “तुला पत्र पाठवलं होतं ना? हरकत असली तर कळव म्हटलं होतं. तू गप्प राहिलास, म्हणजे आमच्यातलाच.”

“मी जन्मापासून गप्प आहे, नॉर्मन. त्यात तुला होकार कुठून ऐकू आला?”

वॉल्ट फिस्सकन हसला आणि मग उगाच खोकला.

“तिकडे बसलास तर तूही कॉव्हेंट्रीला जाशील, म्हाताऱ्या,” नॉर्मन म्हणाला.

“जाईन. तिला सोबत होईल.”

हे मी कसं बोललो, मला अजून कळत नाही. हेस्टरसमोर बसलो तेव्हा मनात जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली होती.

“सायडर छान आहे,” मी म्हणालो.

“अजून चाखली कुठे तुम्ही?”

मी घोट घेतला. “हेस्टर, तू केलंस ते बरोबर केलंस. तो ठोका मीही ऐकला होता.”

“मला वाटत होतं तुम्ही त्यांच्यात नाहीच. तुमचं आपलं नेहमीचंच मौन.”

“ते मला त्यांच्यात धरत होते. म्हणून आलो. पुढच्या गुरुवारी ये.”

“येऊन काय करू? माझ्याशी बोलणार कोण? तुम्ही?” तिला हसू आवरेना. “जमणार आहे का?”

“धड जमणार नाही. पण बोलेन.”

“दर गुरुवारी?”

“दर गुरुवारी.”

तिने आपला ग्लास माझ्या ग्लासाला लावला. “मग येते. पण हवापाण्यावर बोलायचं नाही हं!”

मागे नॉर्मन खुर्ची सरकवून निघून गेला. वॉल्टचा हात ट्रेकडे गेला आणि परत आला.

सकाळी मी कागद घेतला. ‘प्रिय’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पुढचं मात्र भराभर उतरलं. प्रिय नॉर्मन, माझी हरकत आहे. हेस्टरने खरं तेच सांगितलं. तो ठोका मी ऐकला आहे आणि आयोजकांनी विचारलं तर तसंच सांगेन. गुरुवारी ती येईल आणि मीही येईन. पहिली आणि दुसरी घंटा सोडून वाजवायचं असेल तर चौघांत वाजव. तुझा, ॲम्ब्रोज टिली.

शेवटचं वाक्य जरा उद्धट वाटलं. पाकीट दोनदा उघडलं, पण वाक्य काढलं नाही. नॉर्मनचं घर समोरच आहे. दाराखालून सरकवता आलं असतं. पण त्याने मला रीतसर टपालाने विचारलं होतं. मी कोट चढवला, कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो आणि पत्र आत टाकलं.