दादाने टाकलेलं लिनक्स

मी प्रयोगशाळेतून घरी आले तेव्हा दादाने आमच्या दोघांच्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकलं होतं. मला न विचारता.

"जाहिराती गेल्या, सक्तीचे अपडेट गेले," तो म्हणाला. "आतल्या पंख्याचा आवाज तरी येतोय का बघ."

पंखा खरंच शांत होता.

"माझी गेम लावून पाहिलीस?"

"माझ्या सगळ्या चालल्या. तुझीच बरी नाही चालणार?"

हा माणूस कारखान्यात मालाचा दर्जा तपासतो. खोक्यातले चार डबे उघडायचे आणि अख्खं खोकं पास करायचं, ही सवय त्याने घरीही आणली होती.

माझी गेम पाच जणींच्या संघाची. वर्षभर धडपडून आम्ही उपांत्य फेरीत पोचलो होतो आणि सामना त्याच संध्याकाळी होता. या गेमसोबत फसवणूक पकडणारा एक प्रोग्राम येतो. तो सिस्टीमच्या तळापर्यंत डोकावतो; डोकावता आलं नाही तर खेळू देत नाही. लिनक्सवर त्याला डोकावता येईना. पडद्यावर एवढंच आलं : ही सिस्टीम मान्य नाही.

"जुनी परत टाक."

"सगळं उतरवून घेईपर्यंत सामना संपेल. थांब, एक युक्ती वाचलीय. त्या प्रोग्रामला वाटेल, जुनीच सिस्टीम आहे."

"हात लावू नकोस. मी दुसरीकडे जाऊन खेळते."

गॅलरीत जाऊन मी आमच्या कर्णधाराला फोन लावला. तिला आम्ही मास्तर म्हणतो. तिच्या मावशीकडे मशीन रिकामं होतं. "ये लगेच," ती म्हणाली.

बॅग घ्यायला खोलीत आले, तर दादा खुर्चीत ताठ बसलेला. माझं खातं उघडंच राहिलं होतं आणि त्याने ती युक्ती लावून पाहिली होती. पडद्यावर लिहिलं होतं : फसवणुकीच्या प्रयत्नामुळे खातं कायमचं बंद.

"मुजोरी आहे ही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मशीन आपलं, सिस्टीम आपल्या आवडीची. हे कोण ठरवणारे?"

"अगदी बरोबर. आणि खातं माझं. तू कोण ठरवणारा?"

मी पुन्हा मास्तरला फोन लावला.

"माझ्या जागी दुसरी कुणी घे."

"अगं, मशीन मिळालंय ना?"

"मशीन आहे. मला खेळता येणार नाही. आता कधीच."

तिने फोन ठेवला.

"मी कंपनीला लिहितो," दादा म्हणाला. "आत्ताच. तुझ्या नावाने."

"माझ्या नावाने आज पुरेसं केलंस," मी म्हटलं. "ऊठ तिथून."